आंतरजाल, अंतर्जाल की महाजाल?

विचारणा अशी आहे : एका लेखात इंटरनेटचा जन्म १९६९ सालचा दिलेला आहे, दुसऱ्यात १९८३ चा आणि तिसऱ्यात १९९१ चा, शिवाय पहिला लेख त्याला ‘आंतरजाल’ म्हणतो, दुसरा ‘अंतर्जाल’ आणि तिसरा ‘महाजाल’. ही एकाच गोष्टीची तीन नावे समजावीत का, आणि लिहिताना त्यांपैकी कोणते वापरावे?

सनांचा उलगडा आधी केला, तर शब्दांचा निवाडा सोपा होतो. १९६९ साली जे सुरू झाले त्याचे नाव इंटरनेट नव्हते, आर्पानेट होते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे ‘लॉगिन’ हा शब्द एकेक अक्षर करून पाठवायला घेतला, तेव्हा ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोचली आणि यंत्रणा बंद पडली. प्रसंग ऐतिहासिक खराच. पण अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने उभे राहिलेले हे एकच जाळे होते. त्यातले संगणक एकमेकांशी बोलत होते, ते जाळे दुसऱ्या कोणत्याही जाळ्याशी बोलत नव्हते.

‘इंटर’ या अवयवाला अर्थ आला तो पुढच्या दशकात. आर्पानेटच्या जोडीला रेडिओलहरींवर चालणारे एक जाळे आणि उपग्रहावरून चालणारे दुसरे अशी निराळ्या स्वभावाची जाळी उभी राहिली, आणि त्यांचा वेग वेगळा, पॅकेटचा, म्हणजे एका वेळी पाठवायच्या माहितीच्या तुकड्याचा, आकार वेगळा, चुका होण्याचे प्रमाणही वेगळे होते. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेला तोडगा असा होता की, कोणत्याही जाळ्याच्या अंतर्गत रचनेला हात न लावता दोन जाळ्यांच्या सीमेवर गेटवे, म्हणजे एका जाळ्यातली पॅकेटे दुसऱ्यात पोचवणारा संगणक, बसवावा आणि दोन्ही टोकांच्या संगणकांनी एकच नियमावली पाळावी. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सर्फ, योगेन दलाल आणि कार्ल सनशाइन यांनी या नियमावलीचा जो तपशीलवार मसुदा लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘इंटरनेट’ हा शब्द आहे, आणि तोही विशेषण म्हणून : जाळ्याजाळ्यांमधील दळणवळणाचे नियंत्रण करणारा तो ‘इंटरनेट’ प्रोग्रॅम. नाम म्हणून तो नंतर रुळला.

२२ नोव्हेंबर १९७७ ची चाचणी पाहिली की शब्दाचा अर्थ स्पष्ट होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात रस्त्यावरून धावणाऱ्या एका व्हॅनमधून पॅकेट रेडिओने निघाले, आर्पानेटमध्ये शिरले, उपग्रहमार्गे अटलांटिक ओलांडून युरोपात गेले आणि तेथून परत लॉस एंजेलिसला पोचले. वाटेत त्याने तीन जाळी ओलांडली, आणि ती ओलांडल्याची दखल दोन्ही टोकांच्या संगणकांना घ्यावी लागली नाही. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटनेही आपली जुनी नियमावली सोडून टीसीपी/आयपी, म्हणजे १९७४ च्या त्याच नियमावलीचे पुढचे रूप, स्वीकारले. म्हणून ज्या लेखात १९८३ हे साल आहे, त्याच्या बाजूने मी उभा राहीन.

आता मराठी शब्दांकडे येऊ. लॅटिन ‘इंटर’ आणि संस्कृत ‘अंतर्’ ही एकाच मूळ शब्दाची रूपे आहेत, आणि संस्कृतात ‘अंतर्’चे ‘आत’ व ‘मध्ये’ असे दोन्ही अर्थ होतात. त्यामुळे ‘अंतर्जाल’ व्युत्पत्तीने चुकीचे ठरत नाही. मराठीने मात्र या दोन अर्थांची वाटणी करून टाकली आहे. अंतर्मन, अंतर्गत, अंतर्मुख यांतला ‘अंतर्’ आतले दाखवतो. आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरविद्यापीठीय यांतला ‘आंतर’ दोघांच्या दरम्यानचे दाखवतो. अंतर्देशीय पत्र देशाबाहेर जात नाही आणि आंतरराष्ट्रीय पत्र देशात राहत नाही, इतकी ही वाटणी पक्की आहे. तिला धरून एखाद्या संस्थेच्या आतल्या जाळ्याला, म्हणजे इंट्रानेटला, ‘अंतर्जाल’ म्हणणे शोभेल, आणि इंटरनेटला ‘आंतरजाल’ हाच शब्द नेमका बसतो. संस्कृतात ‘आंतर’चा अर्थ ‘आतील’ असा होतो, ही हरकत मला ठाऊक आहे. पण मराठी शब्दाचा निकाल मराठीच्या वहिवाटीने लागावा.

‘महाजाल’ मला इंटरनेटसाठी पटत नाही. ‘महा’ आकार सांगते, रचना सांगत नाही. १९७७ च्या चाचणीत अवघी तीन जाळी होती, तरी ते पूर्णार्थाने इंटरनेट होते. उलट एकच जाळे कितीही विस्तारले, तरी तेवढ्याने ते इंटरनेट होत नाही.

तिसरे साल, १९९१, हे वेबचे आहे. टिम बर्नर्स-ली या संगणकतज्ज्ञाने १९८९ मध्ये सर्न या युरोपातील अणुसंशोधन संस्थेत प्रस्ताव दिला, १९९० मध्ये वेबचे नाव आणि पहिला प्रोग्रॅम तयार झाला, आणि ऑगस्ट १९९१ मध्ये त्यांनी त्याची जाहीर माहिती दिली. वेब म्हणजे दुव्यांनी एकमेकांना जोडलेली पाने, आणि ती आंतरजालावरून प्रवास करतात. ईमेल तर १९७१ पासून आर्पानेटवर होती, म्हणजे ती वेबपेक्षा दोन दशकांनी जुनी. मराठीत इंटरनेट आणि वेब यांची गल्लत होण्याचे एक कारण भाषेतच आहे : इंग्रजीत मासे धरायचे जाळे ‘नेट’ आणि भिंतीवरच्या कोळ्याचे ते ‘वेब’, मराठीत दोन्ही जाळीच. म्हणून वेबसाठी ‘जाल’ धरून आणखी एक शब्द घडवण्यापेक्षा सरळ ‘वेब’ लिहावे. ‘इंटरनेट’ही मराठीत पुरता रुळलेला शब्द आहे, तो वापरण्यात काहीच कमीपणा नाही.

एक अडचण मात्र देवनागरीत उरते. इंग्रजीत जोडलेल्या जाळ्यांच्या कोणत्याही समूहाला लहान ‘आय’चे इंटरनेट आणि जगभरच्या त्या एकमेव इंटरनेटला मोठा ‘आय’, असा भेद पूर्वी पाळला जाई. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१६ मध्ये तो मोठा ‘आय’ सोडून दिला. आपल्या लिपीत मोठी अक्षरे नाहीत. तेव्हा सामान्यनाम अभिप्रेत असेल तेथे ‘जोडजाळे’ किंवा ‘जाळ्यांचे जाळे’ असे फोड करून लिहावे आणि ‘आंतरजाल’ हा शब्द त्या एकमेव इंटरनेटसाठी विशेषनामासारखा राखून ठेवावा.