पाहुण्या सिस्टीमला सुपरवायझर स्टेट कोण देतं?

प्रश्न : आयबीएमच्या मेनफ्रेमवर व्हीएम या आभासी यंत्रं उभी करणाऱ्या सिस्टीमखाली एकाच वेळी अनेक ऑपरेटिंग सिस्टीम चालतात. प्रत्येकीला सुपरवायझर स्टेट, म्हणजे राखीव आज्ञाही वापरायची मुभा, हवीच. एकाच प्रोसेसरवर ती सगळ्यांना कशी मिळते?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : मूळच्या व्हीएम/३७० मध्ये ती कोणालाच मिळत नाही! सिस्टीम प्रोग्रामर म्हणून नोकरी करताना या रचनेवर माझा जीव जडला तो याचमुळे.

पीएसडब्ल्यू (प्रोग्राम स्टेटस वर्ड) म्हणजे प्रोसेसरच्या सध्याच्या स्थितीची नोंद. तिचा बिट १५ चालू असला की प्रोसेसर प्रॉब्लेम स्टेटमध्ये, म्हणजे राखीव आज्ञांची मुभा नसलेल्या स्थितीत, असतो. डंप (मेमरीची उतरवलेली प्रत) वाचताना आम्ही पीएसडब्ल्यूचा डावीकडून चौथा हेक्स अंक बघायचो. बिट १५ हा त्याचा शेवटचा बिट, म्हणून विषम म्हणजे प्रॉब्लेम स्टेट. व्हीएमचा गाभा, म्हणजे सीपी, पाहुण्या सिस्टीमला, म्हणजे व्हीएमखाली चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमला, कायम याच स्थितीत चालवतो. तिचा आभासी पीएसडब्ल्यू तो स्वतःकडे वेगळा ठेवतो, आणि 'मी सुपरवायझर आहे' हे तिथेच लिहिलेलं असतं.

आता पाहुणीने एलपीएसडब्ल्यूसारखी (नवा पीएसडब्ल्यू भरणारी) राखीव आज्ञा दिली की हार्डवेअर ती नाकारतं आणि कोड २ चा प्रोग्राम इंटरप्ट (चालू काम थांबवणारा इशारा) सीपीकडे जातो. सीपी आभासी पीएसडब्ल्यू बघतो. तिथे सुपरवायझर स्टेट असेल, तर त्या आज्ञेचं काम तो स्वतः करून देतो. प्रॉब्लेम स्टेट असेल, तर चूक पाहुणीच्या एखाद्या प्रोग्रामची. मग सीपी तो इंटरप्ट तिच्याच पदरात घालतो : तिच्या मेमरीत ४० व्या पत्त्यावर जुना पीएसडब्ल्यू लिहितो, १०४ व्या पत्त्यावरून नवा उचलतो. खऱ्या यंत्रावर नेमकं हेच घडलं असतं. ही काटेकोर निष्ठा मला फार मोलाची वाटते.

१९६७ साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये व्हीएम/३७० चा पूर्वज सीपी-४० असंच चालू लागलं. हे जमलं, कारण आयबीएमच्या सिस्टीम/३६० या संगणकांवर अशी प्रत्येक आज्ञा प्रॉब्लेम स्टेटमध्ये अडतेच. इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवर पॉपएफ ही आज्ञा अडत नाही. इंटरप्ट चालू-बंद करणारा बिट न बदलता मुकाट पुढे जाते. म्हणून तिथे पुढे बऱ्याच खटपटी कराव्या लागल्या.

किंमत मात्र वेळेची. एमव्हीएससारखी मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम अशा आज्ञा सतत देते आणि दर वेळी सीपीला धावावं लागतं. म्हणून आधी काही आज्ञा मायक्रोकोडकडे (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामकडे) सोपवल्या, आणि ३७०-एक्सए या पुढच्या रचनेच्या काळात एसआयई ही आज्ञा आली. तिच्यामुळे पाहुणीच्या बहुतेक राखीव आज्ञा हार्डवेअरच तिच्या हद्दीत पार पाडतं. सीपीला मोजक्याच प्रसंगी यावं लागतं.

हर्क्युलिस या मेनफ्रेमची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर व्हीएम/३७० आजही चालतं. तिथे सीपीला 'डिस्प्ले पीएसडब्ल्यू' सांगा आणि चौथा अंक बघा. दिसेल तो आभासी पीएसडब्ल्यू.