साखरेऐवजी गूळ आणि मैद्याऐवजी नाचणी घातली, तरी कुकीज कोरड्या होतात. पौष्टिकही राहतील आणि चवीलाही लागतील अशा घरी कशा कराव्यात?

आधी गूळ पौष्टिकच्या यादीतून काढा. साखरेच्या जागी तेवढाच गूळ घातला की कुकी पौष्टिक होत नाही. हे इतक्या ठामपणे सांगते, कारण याच समजुतीवरून आमच्या घरात दोन वर्षं धुसफुस चालू आहे.

माझं माहेर गोव्यातल्या डिचोलीचं. बाबांना मधुमेह आहे, पण चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत हवं ही त्यांची जन्माची सवय. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, बिस्किटं बंद झाली तेव्हा ते अगदी हिरमुसले होते. मग वहिनीने त्यांच्यासाठी नाचणीची बिस्किटं करायला घेतली, तीही मनापासून. माडाचा काळा गूळ, नाचणीचं पीठ आणि लोणी नावापुरतं. "मैदा नाही, साखर नाही. बाबा, कितीही खा," असं तिने सांगितलं आणि बाबा संध्याकाळच्या चहाला चार-चार खाऊ लागले. पुढच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा (HbA1c) ७.१ वरून ८.४ टक्क्यांवर गेला. डॉक्टरांनी विचारलं, गोड काय खाता? बाबा म्हणाले, काहीच नाही. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. शेजारच्या खुर्चीवर मी होते. त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

त्या रविवारी मी वजनकाटा घेऊन वहिनीच्या स्वयंपाकघरात गेले. पीठ १५० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम, बिस्किटं १२. म्हणजे एका बिस्किटात साडेबारा ग्रॅम गूळ आणि चारांत ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही वरून घातलेली साखर जमल्यास दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. गूळ उसाचा असो की माडाचा, त्यात बहुतांश सुक्रोजच असतं. वहिनी म्हणाली, "आमच्या आजीने जन्मभर गूळच खाल्ला." आजी दिवसभर शेतात वाकून भात लावायची, हे मी तेव्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं.

आणि इतका गूळ लागला कशाला? लोणी काढलं म्हणून. नाचणीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे स्निग्धपणा कमी पडला की घास वाळूसारखा लागतो. तो बांधायला मग गूळ वाढवावा लागतो. तुमच्या कुकीज कोरड्या होतात त्याचं कारणही बहुधा हेच. लोणी ठेवा, गूळ कमी करा.

माझं माप असं: नाचणीचं पीठ १०० ग्रॅम, कणीक ५०, लोणी ८०, किसलेला गूळ ६०, भाजलेलं सुकं खोबरं ३०, वेलची, चिमूटभर सोडा, पाव चमचा मीठ आणि लागेल तसं चमचाभर दूध. मीठ गाळू नका, गूळ कमी असला की गोडी मिठानेच उठते. नाचणीचं पीठ मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजा, कच्चेपणा तिथेच जातो. मळलेला गोळा निदान तासभर झाकून ठेवा. हे मी शेजारच्या आंटीकडून शिकले. नाताळात बोलिन्हास करताना ती रवा-खोबऱ्याचं मिश्रण रात्रभर मुरू देते आणि सकाळी काट्याने वर चौकड्या काढते. रव्यासारखंच नाचणीलाही पाणी प्यायला वेळ लागतो.

१२-१२ ग्रॅमच्या गोळ्या करा, अठ्ठावीसेक होतात. एकीत जेमतेम दोन ग्रॅम गूळ येतो. १६५ अंशांवर पंधरा मिनिटं. नाचणी मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून भाजणं कळत नाही. कड बोटाला घट्ट लागली की बाहेर काढा. मधला भाग मऊ असतो, तो निवताना कडक होतो. पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि दोन दिवसांत बिस्किटं मऊ पडतात. मग पाच मिनिटं पुन्हा ओव्हनमध्ये ठेवायची.

नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, पण तेवढ्यासाठी कुकीज खाऊ नका, त्यापेक्षा आंबील प्या. कुकी हा खाऊच आहे. घरी केली की आकार आणि गोडी आपल्या हातात राहते, एवढाच फायदा. आणि लोणी ८० ग्रॅम आहे, म्हणजे वजन उतरवायचं असेल त्यांनीही मोजूनच खावी. घरात मधुमेह असेल तर नाचणीही पिष्टमयच, डॉक्टरांना विचारून आकडा ठरवा.

बाबांना आता रोज दोन मिळतात. वहिनी मुलांसाठी अजून तिच्याच मापाने करते, बाबांचा डबा मी भरून पाठवते. गेल्या तपासणीत ७.३ आलं. अर्थात डॉक्टरांनी मधल्या काळात एक गोळीही वाढवली होती.