चिपळूणच्या दमट हवेत पूलची स्टिक कोणती घ्यावी, आणि फाउल नेमका केव्हा धरायचा?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पावसाळ्यातही सरळ राहील अशी स्वतःची स्टिक कोणती घ्यावी, हा एक. आणि काळा बॉल मारताना पांढरा पॉकेटमध्ये गेला तर डाव गेला की नाही, यावरून क्लबात रोज होणारं भांडण कसं मिटवायचं, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं खाली देतो, पण सुरुवात टिपेपासून, म्हणजे स्टिकच्या टोकावरच्या चामड्याच्या तुकड्यापासून करतो. तुम्ही तिच्याबद्दल विचारलेलं नाही आणि खरी मेख तिथेच आहे.

टिप पांढऱ्या बॉलला टेकते ती साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती. वेग, दिशा, फिरकी सगळं तेवढ्यात ठरतं. कोकणात जून ते सप्टेंबर चामड्याची टिप हवेतली ओल धरून मऊ पडते आणि मार खाऊन कडेने पसरते. ही पसरलेली कड फेरूलच्या (टिपेखालच्या कडक नळीच्या) बाहेर अधांतरी असते, तिच्याखाली आधार नसतो. स्क्रू (पांढऱ्याला मागे आणणारी फिरकी) किंवा साइड (बाजूची फिरकी) मारताना नेमकी तीच कड बॉलला लागते आणि टिप सटकते. म्हणून दर आठवड्याला एक रुपयाचं नाणं टिपेमागे उभं धरून बघा. टिपेची गोलाई नाण्याच्या कडेशी जुळली पाहिजे. सपाट झाली असेल तर बारीक पॉलिशपेपरने गोलाई परत आणा. बाहेर आलेली कड घासताना फेरूलभोवती चिकटपट्टी गुंडाळायला विसरू नका.

कडेला टिपेची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास आली की ती बदला. नवी टिप उडून जाते त्याचं कारण बहुतेक वेळा खाली राहिलेला जुना गोंद असतो. फेरूलचा माथा आणि टिपेची पाठ दोन्ही सपाट घासा, एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर अजून घासा. मग सुपर ग्लूचा एकच थेंब, घट्ट दाब, आणि रात्रभर हात लावू नका.

चॉक लावताना टिपेवर ठेवून गरगर फिरवू नका, त्याने चॉकला मधोमध खड्डा पडतो आणि टिपेची कड कोरडीच राहते. ब्रश मारल्यासारखा कडेवरून फिरवा. पूलचा बॉल 57 मिलिमीटरचा असतो. त्याच्या मध्यापासून 14 मिलिमीटरच्या पलीकडे मारायला गेलात तर कितीही चॉक लावा, टिप सटकणारच. पावसाळ्यात चॉक घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.

आता स्टिक. आपल्याकडे बऱ्याच क्लबांत स्नूकर आणि पूल शेजारी शेजारी असतात आणि हाताला येईल ती स्टिक उचलली जाते. स्नूकरची टिप 9 ते 10 मिलिमीटरची, 52.5 मिलिमीटरच्या हलक्या बॉलसाठी केलेली. पूलचा बॉल मोठा, 156 ते 170 ग्रॅमचा. त्या बारीक टोकाने ब्रेक (डावाचा पहिला, बॉल फोडणारा शॉट) मारत राहिलात तर टिप आणि फेरूल दोन्ही लवकर जातात. पूलसाठी 12 ते 13 मिलिमीटरची टिप, 57-58 इंच लांबी आणि 18 ते 21 औंस, म्हणजे साधारण 510 ते 595 ग्रॅम वजन. पहिली स्टिक 19 औंसची, दोन तुकड्यांची आणि मेपल लाकडाची घ्या. जड स्टिकने ब्रेक जोरात बसतो हा समज सोडून द्या, हाताचा वेग जास्त महत्त्वाचा.

दुकानात तपासताना जोडलेली स्टिक टेबलावर लोळवण्यावर भागवू नका. शाफ्ट, म्हणजे टिपेकडचा तुकडा, सुटा करा आणि एकटा लोळवा. टोक वर-खाली उडत असेल तर शाफ्ट वाकलेला आहे. मग सुतार रंधा मारलेली पट्टी डोळ्यासमोर धरून बघतो तसा तो जॉइंटकडून (दोन तुकडे जुळतात तिथून) टिपेकडे धरा आणि सावकाश फिरवत बघा.

लाकूड का वाकतं हे कळलं की ते कसं ठेवायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. हवेतली आर्द्रता 65 टक्के असते तेव्हा लाकडात वजनाच्या साधारण 12 टक्के पाणी मुरतं, 90 टक्क्यांना ते 20 च्या आसपास जातं. सगळीकडून सारखं मुरलं तर फारसं बिघडत नाही. एका बाजूने जास्त मुरलं की वाकतं. चिऱ्याच्या भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेल्या स्टिकचं नेमकं हेच होतं: भिंतीकडची बाजू ओल धरते, वर स्वतःचं वजन मधोमध. म्हणून स्टिक सुटी करून कडक केसमध्ये आडवी ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ते ओलं झाल्याचं कळतं. एसीच्या खोलीतून बाहेर पडताना चष्म्यावर वाफ धरते तशीच थंड शाफ्टवरही धरते. बाहेर आल्यावर केस लगेच उघडू नका, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या.

शाफ्ट हाताला चिकट लागतो म्हणून खोबरेल तेल लावू नका. तेल लाकडात मुरतं, धूळ आणि चॉक धरतं आणि आठवड्याभरात शाफ्ट आधीपेक्षा चिकट होतो. टाल्कम पावडरही नको, ती कापडावर सांडते. कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि तीन बोटांचा हातमोजा वापरा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर जॉइंटचा स्क्रूही पुसा, खारी हवा लोखंडाला सोडत नाही.

कार्बन फायबरचा शाफ्ट महाग पडतो, पण परवडत असेल तर कोकणात तो घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो ओलीने वाकत नाही. मागचा तुकडा, म्हणजे बट, मात्र बहुधा लाकडीच असतो, त्यामुळे केसची शिस्त सुटत नाही.

आता भांडणाचं. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या एट-बॉल नियमांनुसार काळा मारताना पांढरा पॉकेटमध्ये गेला, पण काळा टेबलावरच राहिला, तर डाव जात नाही. फक्त फाउल होतो आणि समोरच्याला बॉल इन हँड मिळतो, म्हणजे पांढरा टेबलावर हवा तिथे ठेवून मारता येतो. काळा आणि पांढरा दोन्ही गेले तर डाव गेला. काळा टेबलाबाहेर उडाला, न सांगितलेल्या पॉकेटमध्ये गेला किंवा आपले सगळे बॉल संपण्याआधी गेला, तरीही गेला. ब्रेकवरच काळा पॉट झाला तर मात्र हारही नाही आणि जीतही नाही: काळा परत जागेवर ठेवायचा की नवा ब्रेक करायचा, हे ब्रेक करणारा ठरवतो. ब्रेकवर स्ट्राइप्स (पट्ट्यांचा बॉल) पडला म्हणून स्ट्राइप्स तुमचे होत नाहीत, टेबल अजून उघडंच असतं, म्हणजे कोणते बॉल कोणाचे हे ठरलेलं नसतं. फाउलला ‘दोन शॉट’ देण्याची पद्धत लहान लाल-पिवळ्या बॉलच्या इंग्लिश पूलमधली आहे, ती इथे लावू नका.

पांढरा आपल्या बॉलला लागला, काही पॉट झालं नाही आणि त्यानंतर एकही बॉल कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागला नाही, तर तोही फाउल. हा सर्रास सोडून दिला जातो.

सगळ्यात अवघड फाउल म्हणजे दोनदा लागणं. पांढरा आणि समोरचा बॉल यांच्यात चॉकच्या ठोकळ्याहून कमी जागा असेल आणि तुम्ही सरळ पुढे मारलंत, तर पांढरा समोरच्यावर आपटून थबकतो, पुढे येणारी टिप त्याला पुन्हा गाठते. कानाला दोन आवाज वेगळे कळत नाहीत, डोळ्याला कळतं. दोन्ही बॉल एकाच वेगाने, लगोलग पुढे सुटले तर टिप दोनदा लागली. एकदाच लागली असती तर पांढरा आधी अडखळला असता. टाळायचं असेल तर अंतराच्या रेषेशी 45 अंशांचा कोन धरून बाजूने मारा, किंवा बट उचलून आखूड मारा. दोन्ही बॉल आधीपासूनच चिकटलेले असतील तर पूलमध्ये त्या दिशेने मारायला परवानगी आहे. स्नूकरमध्ये तिथे बॉल न हलवता बाजूला मारावं लागतं, आणि बहुतेक वाद या दोन नियमांच्या गल्लतीतून होतात. म्हणून बॉल चिकटलेले आहेत की नाहीत, हे शॉटच्या आधी दोघांनी मिळून बघा.

पावसाळ्यात टेबलही बदलतं. ओलसर कापडावर बॉल लवकर थांबतो, कुशनवरचा कोन वेगळा येतो. मळलेले बॉल एकमेकांना जास्त धरतात, त्यामुळे कट (बॉलच्या बाजूला मारून त्याला तिरका पाठवणं) जाड जातो, म्हणजे बॉल हवा त्याहून कमी वळतो. बॉल पुसून घ्या, तरीही जाड जात असेल तर नेहमीपेक्षा किंचित बारीक कापा. ब्रेकआधी लांबीत चार शॉट मारून वेग बघा.

पंच नसेल तर एक गोष्ट ब्रेकआधीच ठरवा: हाताने किंवा शर्टाने दुसरा एखादा बॉल हलला तर फाउल धरायचा, की समोरच्याच्या मर्जीने तो परत जागेवर ठेवायचा. आणि जवळच्या शॉटला तिसऱ्या कुणाला तरी टेबलाच्या बाजूला, पांढऱ्याच्या पातळीवर वाकून बघायला सांगा, तेही शॉट मारण्याआधी.