पुरुष हक्क चळवळीवरील नोंद लिहिणाऱ्या तरुणास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मराठी विकिपीडियावरील पुरुष हक्क चळवळीच्या नोंदीसाठी तू धूळपाटीवर, म्हणजे तिथल्या सरावाच्या पानावर, केलेला मसुदा सावकाश वाचला, आणि ज्या सदस्याने तुझे आधीचे संपादन उलटवले त्याचा चर्चापानावरील शेराही वाचला. ‘हा स्त्रीद्वेष्ट्यांचा प्रचार आहे’ असे त्याने लिहिले, ते उतावळेपणाचे झाले. मात्र तुझा पहिला परिच्छेदच ‘पुरुषांवरील अन्यायाचे भयावह वास्तव’ या शब्दांनी उघडतो, तेव्हा त्याला तसे वाटायला वाव तूच दिलास. हा विषय सर्वत्रच तापलेला आहे. इंग्रजी विकिपीडियावर याच नोंदीवरून इतकी ओढाताण झाली की २०११ मध्ये तिथल्या समुदायाने तिच्या संपादनावर विशेष निर्बंध घातले. मराठीत तशी ओढाताण करायलाही पुरेसे संपादक नाहीत. त्यामुळे एकदा पडलेले चुकीचे वाक्य वर्षानुवर्षे कोणी हलवत नाही, आणि तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत एखादे पोर तेच वाक्य ठासून म्हणते.

नोंदीने चळवळ काय आहे ते सांगायचे असते. ती बरोबर की चूक, हे सांगण्याचा अधिकार तुला नाही आणि त्या शेरा लिहिणाऱ्यालाही नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत पुरुषांवर लादलेल्या भूमिकांची चिकित्सा करणारा एक विचार पुढे आला आणि लवकरच त्याला दोन फाटे फुटले. एक प्रवाह स्त्रीमुक्तीच्या बाजूने राहिला. दुसऱ्याने कायदा आणि समाज पुरुषांच्याच विरोधात झुकले आहेत अशी भूमिका घेतली, आणि पुरुष हक्क चळवळ त्यातून वाढली. अमेरिकी लेखक वॉरन फॅरेल यांचा प्रवास तू एका ओळीत उरकलास, तो थोडा विस्ताराने यावा; हे गृहस्थ आधी नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या स्त्रीवादी संघटनेच्या न्यूयॉर्क शाखेच्या संचालक मंडळावर होते आणि १९९३ मधल्या त्यांच्या पुस्तकापासून या चळवळीचे प्रमुख विचारवंत मानले जाऊ लागले. भारतात २००५ मध्ये सेव्ह इंडियन फॅमिली फाउंडेशन उभे राहिले, आणि हुंड्यासंबंधीच्या तक्रारी, पोटगी, मुलांचा ताबा व पुरुषांच्या आत्महत्या हे विषय पुढे आले. हे सर्व कोरडेपणाने लिहिता येते आणि तसेच लिहावे.

एक गल्लत मात्र लगेच दुरुस्त कर. मुंबईत १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘मावा’ ही संस्था आणि तिचा ‘पुरुष स्पंदनं’ हा दिवाळी अंक तू याच चळवळीच्या यादीत टाकला आहेस. स्त्रियांवरील हिंसेच्या विरोधात पुरुषांनी उभे राहावे, यासाठी ती संस्था निघाली. पुरुषांविषयी बोलणारे सगळे एकाच मांडवात बसवता येत नाहीत.

आता आकड्यांकडे येतो, कारण तुझ्या मसुद्याचा सगळा भार त्यांच्यावर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालातून तू घेतलेले आकडे बरोबर आहेत: देशात १,६४,०३३ आत्महत्या, त्यांत १,१८,९७९ पुरुष, आणि विवाहित पुरुष ८१,०६३ व विवाहित स्त्रिया २८,६८०. पण त्यापुढे तू ‘म्हणजेच वैवाहिक छळामुळे दरवर्षी ऐंशी हजारांहून अधिक पुरुष जीव देतात’ असे लिहितोस, आणि त्याच ठिकाणी ज्ञानकोशाची हद्द ओलांडतोस. मृत व्यक्ती विवाहित होती की नाही, हे एका तक्त्यात आहे. आत्महत्येची कारणे दुसऱ्या तक्त्यात आहेत. त्या कारणांत ‘कौटुंबिक समस्या’ ३३.२ टक्के आहेत खऱ्या, पण त्या शीर्षकाखाली विवाहविषयक समस्या धरलेल्या नाहीत, असे अहवालानेच स्पष्ट केले आहे. विवाहविषयक समस्यांचे प्रमाण वेगळे दिले आहे आणि ते ४.८ टक्के आहे. हे दोन्ही टक्के स्त्री-पुरुष मिळून एकूण आत्महत्यांचे आहेत.

विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. आपण ज्यांच्या घरी बसायला गेलो ते कापूस उत्पादक शेतकरी याच १,१८,९७९ मध्ये आहेत. त्या वर्षी शेती क्षेत्रातल्या १०,८८१ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांपैकी ४,०६४ एकट्या महाराष्ट्रातल्या. आणि ‘शेतकरी’ म्हणून नोंदवलेल्या ५,३१८ जणांत ५,१०७ पुरुष होते. यांतले किती विवाहित होते ते अहवाल सांगत नाही, पण गावात राहणाऱ्याला अंदाज करता येतो. सावकाराचे देणे, बोंडअळी आणि पडलेला भाव यांमुळे गेलेला माणूस तुझ्या वाक्यात बायकोच्या छळाने गेलेला ठरतो, आणि त्याची बायको अजून तहसीलीच्या चकरा मारते आहे. रकाना कोण भरतो आणि कसा भरतो, हेही तू पाहिले आहेस. एकच मृत्यू जिल्हा समितीपुढे सरकारी मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरतो ते सातबारा, कर्ज आणि नापिकीच्या कागदांवरून. उलट त्या वर्षीच्या आत्महत्याग्रस्त स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक ‘गृहिणी’ या रकान्यात आहेत. त्यांत निंदणाला आणि वेचणीला जाणाऱ्या बाया किती, हे त्या रकान्यावरून कळायचे नाही. रकाना हा जगण्याचा पूर्ण हिशोब नसतो, म्हणून त्याचे शीर्षक जेवढे सांगते तेवढेच नोंदीत यावे.

आणखी एक गंमत सांगतो. वरचे आकडे घेऊन भागाकार केलास तर मृत पुरुषांत विवाहितांचे प्रमाण सुमारे ६८ टक्के येते आणि मृत स्त्रियांत सुमारे ६४ टक्के. म्हणजे ‘विवाहित पुरुष’ या आकड्याचा धक्का बराचसा ओसरतो, कारण आपल्याकडे प्रौढ माणूस बहुधा विवाहितच असतो. युक्तिवाद मला आवडतो. तरीही तो नोंदीत घालू नकोस. तो माझा आहे, कोणा अभ्यासकाने छापलेला नाही. आणि स्वतःचे संशोधन नोंदीत न घालण्याचा नियम आपल्या आवडत्या युक्तिवादालाही लागू होतो. उपलब्ध संदर्भांतून एवढेच लिहिता येईल: चळवळीतील संघटना हे आकडे आपल्या मागण्यांच्या समर्थनार्थ मांडतात, २०२३ मध्ये राष्ट्रीय पुरुष आयोगाच्या मागणीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने विचारार्थ घेण्यास नकार दिला, आणि अहवालात कारणांची वर्गवारी अशी अशी आहे.

न्यायालयीन निकालांबाबत तू अधिक घाई केली आहेस. सुशीलकुमार शर्मा खटल्यातले ‘कायदेशीर दहशतवाद’ हे शब्द तू ठळक अक्षरांत दिलेस. ते शब्द २००५ च्या त्या निकालात आहेत. पण ती याचिका भारतीय दंड संहितेचे कलम ४९८-अ, म्हणजे नवरा व सासरच्यांकडून विवाहितेच्या होणाऱ्या छळाबद्दलचे कलम, घटनाबाह्य ठरवावे अशी होती, आणि न्यायालयाने ती मान्य केली नाही. गैरवापराची शक्यता आहे एवढ्यावरून कायदा अवैध होत नाही, असे सांगतानाच गैरवापराने नवा कायदेशीर दहशतवाद माजू शकतो असा इशारा दिला. अर्धा निकाल घेतला तर चळवळ जिंकल्यासारखी दिसते. उरलेला अर्धाच घेतला तर तिची तक्रार न्यायालयाने ऐकलीच नाही असे वाटते. दोन्ही अर्धे लागोपाठच्या दोन वाक्यांत मावतात.

अर्नेश कुमार निकालाचेही तसेच. २०१२ मध्ये या कलमाखाली १,९७,७६२ जणांना अटक झाली, दोषारोपपत्र दाखल होण्याचे प्रमाण ९३.६ टक्के आणि दोषसिद्धीचे १५ टक्के, हे न्यायालयाने २०१४ मध्ये एकाच दमात सांगितले. एक पक्ष १५ उचलतो, दुसरा ९३.६. तू १५ वरून ‘८५ टक्के तक्रारी खोट्या’ असा निष्कर्ष काढलास, तो काढून टाक. आरोपी सुटतो तेव्हा साक्षीदार फितूर झालेले असू शकतात, घरच्यांनी तडजोड केलेली असू शकते, तपास कच्चा असू शकतो, आणि तक्रार खरोखर खोटीही असू शकते. यांतले काय घडले ते टक्केवारीतून उमगत नाही. शिवाय कायद्याची माहिती शिळी होते. २०१७ मध्ये राजेश शर्मा निकालाने आणलेल्या, अशा तक्रारींची आधी छाननी करणाऱ्या कुटुंब कल्याण समित्या २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच बाजूला सारल्या, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने आखलेल्या तशाच समित्यांच्या मार्गदर्शक सूचनांना जुलै २०२५ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. तू २०१७ वरच थांबलास. आणि ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये गेले आहे, हेही मसुद्यात नाही.

तटस्थ राहणे म्हणजे चळवळीची प्रत्येक गोष्ट ‘दावा’ म्हणून लिहिणे, असाही अर्थ करून घेऊ नकोस. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली दाद मागण्याचा अधिकार स्त्रीलाच आहे, ही वस्तुस्थिती आहे. ती कोणाच्याही तोंडी न घालता सरळ लिहावी. त्याच सरळपणाने हेही लिहावे की हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ प्रमाणे नवराही पोटगी मागू शकतो, कारण पुरुषाला कधीच पोटगी मिळत नाही हे वाक्य तुझ्या मसुद्यात कोणत्याही संदर्भाशिवाय आले आहे. मत मात्र नावानिशी यावे. सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१८ मध्ये ‘अ व्हॉइस फॉर मेन’ या पुरुष हक्कवादी गटाला द्वेष पसरवणाऱ्या गटांच्या यादीत घातले, हे त्या संस्थेच्या नावाने आणि त्या एका गटापुरते लिही, त्यावरून आपल्याकडच्या मुलांच्या ताब्यासाठी झगडणाऱ्या बापांना रंगवू नकोस, आणि गैरसोयीचे म्हणून गाळूही नकोस.

कोणत्या बाजूला किती जागा द्यायची, हे तू विचारलेस. निम्मी-निम्मी वाटणी हा सोपा मार्ग आहे आणि मला तो पटत नाही. स्वतंत्र अभ्यासकांनी ज्या मुद्द्याला जितके वजन दिले, तितके नोंदीने द्यावे. भारतातील या संघटनांवर श्रीमती बसू आणि रोमित चौधरी यांनी अभ्यास केला आहे. चळवळीत वावरणारे पुरुष काय बोलतात, कशाने दुखावतात, हे तिथे सापडेल, आणि टीकाही सापडेल. चळवळीचे म्हणणे तिच्या स्वतःच्या पत्रकांतून घ्यायला हरकत नाही, पण ते फक्त तिचे म्हणणे काय एवढ्यापुरतेच. स्त्रीवादी संघटनेच्या पत्रकालाही हीच मर्यादा लागू.

वर्तमानपत्रांच्या कात्रणांबद्दल सावध राहा. पुरुष दिनाच्या कार्यक्रमावर तू तीन संदर्भ दिलेस म्हणून मी वाचनालयातले जुने गठ्ठे सोडून ते तिन्ही अंक टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकात ‘प्रतिनिधी’, दुसऱ्यात ‘तालुका वार्ताहर’, तिसऱ्यात काहीच नाही. मजकूर मात्र शब्दशः एक, आणि तिन्हींत ‘अत्याचर’ ही एकच छपाईची चूक. संघटनेने पाठवलेले प्रसिद्धिपत्रक कंपोझ न बदलता लागले होते. ते तीन संदर्भ नाहीत, एकच आहे आणि तोही संघटनेचा स्वतःचा. अग्रलेख आणि वाचकांची पत्रे तर बातमीच्या जागी चालतच नाहीत. आपल्या नागपुरात ज्याची सुरुवात झाली त्या केतकरांच्या ज्ञानकोशातही मतांची कमतरता नव्हती, हे मी जाणतो. पण तिथे मत कोणाचे ते तरी कळत होते.

एक नाजूक गोष्ट उरली. तुझ्या मामेभावाचे प्रकरण न्यायालयात चालू आहे, आणि तुमच्या घरात त्यावरून काय सोसले जाते ते मला माहीत आहे. तो निर्दोष असेलही. पण ‘उदाहरणे’ या विभागातले नाव नसलेले दुसरे उदाहरण त्याचेच आहे, हे मी ओळखले, तर गावातला कोणीही ओळखेल, आणि ज्या मुलीने तक्रार केली तिलाही ओळखेल. तो विभाग आजच काढ. ४९८-अ च्या भागात तू थेट संपादन न करता चर्चापानावर आपला संबंध एका वाक्यात सांगावास, संदर्भ मांडावेत आणि बदल दुसऱ्या सदस्याला करू द्यावा. ज्याने तुझे संपादन उलटवले त्यालाच विनंती केलीस तर उत्तम. त्याचा शेरा कडवट होता, पण संदर्भ नसलेली तीन वाक्ये त्याने अचूक हेरली होती. इतिहासाचा आणि संघटनांचा भाग तू निःशंक लिही.

गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाची तक्त्यांची पाने मी छापून ठेवली आहेत, आणि अर्नेश कुमार निकालाची प्रत वकील साहेबांकडून मागवली आहे. सोयाबीनची मळणी आटोपली की वाचनालयात ये. येताना मसुद्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे त्याचा संदर्भ पेन्सिलीने लिहून आण, आणि ज्या वाक्यापुढे जागा रिकामी राहील तिथे फुली मार.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
गुरुजी