शुक्राणू घडताना नेमके काय अडते?

प्रश्न : उंदराच्या एखाद्याच जनुकात उत्परिवर्तन झाले, तरी नर वंध्य का होतो?

उत्तर : उंदराच्या वृषणात मूळपेशीपासून शुक्राणू तयार होण्यास सुमारे ३५ दिवस लागतात आणि त्यातील कोणत्याही टप्प्यावर बिघाड होऊ शकतो. ‘एसवायसीपी३’ हे जनुक निकामी केल्यास अर्धसूत्री विभाजनात (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनात) गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, पेशी तिथेच मरतात आणि शुक्राणू तयारच होत नाहीत. हेच जनुक निकामी असलेल्या माद्यांना मात्र पिल्ले होतात, पण कमी. मला याहून विलक्षण वाटते ते ‘इझुमो१’. जपानी संशोधकांनी २००५ साली दाखवले, की या जनुकाविना वाढलेल्या नराचे शुक्राणू दिसायला निर्दोष असतात, नीट पोहतात, अंड्याचे बाह्य आवरणही भेदतात, परंतु अंडपेशीशी त्यांचे मीलन होतच नाही.