गाडीवर नावं दोघांची, किल्ली एकाकडे

पत्र:

मावशी, मी कॅलिफोर्नियात सनीवेलला असते, वय ३१. आम्ही चार वर्षं एकत्र होतो, लग्न नाही केलं. २०२३ च्या मे मधे सेकंड हँड होंडा सीआर-व्ही घेतली, ३० हजार डॉलर. डाउन पेमेंटचे ६ हजार माझे, लोन दोघांच्या नावावर, टायटलवर (मालकीच्या कागदावर) पण दोघं. हप्ता ४८०, त्यातला अर्धा मी त्याला झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) पाठवायचे. सात महिन्यांपूर्वी ब्रेकअप झालं, मी घर सोडलं, गाडी फ्रीमाँटला त्याच्याकडेच राहिली. तेव्हापासून हप्ते तो एकटा भरतो आणि म्हणतो आता गाडी माझीच झाली, तू फक्त सही करून टाक. मला गाडी नकोय पण सहीही करवत नाहीये. गाडीचा फास्टट्रॅक (टोल आपोआप कापणारा टॅग) अजून माझ्या अकाउंटवर आहे, दर शनिवारी रात्री डम्बार्टन ब्रिजचा टोल पडतो आणि मी विचार करत बसते की हा जातो कुणाकडे. आईला वाटतं गाडी माझ्या एकटीची आहे. लिव्हरमोरच्या देवळात पूजा केली तेव्हाचा फोटो आईला पाठवताना मी त्यातून त्याला क्रॉप केलं होतं. काय करू?
— अर्धी मालकीण

अगं अर्धे मालकीणबाई,

आधी सही. करू नकोस. म्हणजे कधीच करू नकोस असं नाही, पण आत्ता नको, आणि का नको ते नीट ऐक कारण इथे भलेभले फसलेत. टायटल वेगळं आणि लोन वेगळं. टायटलवरून नाव काढलंस तरी बँकेच्या लेखी तू कर्जदारच, त्याने उद्या हप्ता चुकवला तर क्रेडिट स्कोअर तुझाही पडणार आणि वसुलीचा फोन तुलाही येणार, फक्त तेव्हा गाडीवर तुझा हक्क नसेल. म्हणजे गाडी गेली आणि कर्ज गळ्यात. त्याच्या मनात हेच आहे असं मी म्हणत नाही, बहुतेक त्यालाही हे माहीत नसेल.

आता एक काम कर, रजिस्ट्रेशनचा फोटो कुठेतरी असेल तुझ्याकडे, तो काढ आणि दोन नावांच्या मधे काय छापलंय ते बघ. आपल्याकडे आरसीवर सहसा एकच नाव असतं त्यामुळे हे आपल्या लक्षातच येत नाही, पण कॅलिफोर्नियात सगळा खेळ त्या एका शब्दावर आहे. ‘अँड’ असेल तर विकायला दोघांच्या सह्या लागतात. ‘ऑर’ असेल तर कुणाही एकाची पुरते, म्हणजे तो तुला न विचारता गाडी विकू शकतो, बँकेचं देणं फेडून उरलेले पैसे त्याच्या खिशात. डीलरकडे फॉर्म भरताना तो शब्द कुणी निवडला तुला आठवतंय का? नाही ना, कुणालाच आठवत नाही, तेव्हा सगळं लक्ष टायरखाली लिंबं कुठे ठेवायची याच्याकडे असतं. ‘ऑर’ निघालं तर मग हे पत्र वाचून झाल्यावर लगेच हाल, पुढच्या विकेंडची वाट बघू नकोस.

लग्न झालं असतं तर इथला कम्युनिटी प्रॉपर्टीचा कायदा (लग्नानंतर कमावलेलं दोघांचं निम्मं-निम्मं) लागला असता, तुम्हाला तो लागत नाही. तुमच्यात जे ठरलं होतं तेच तुमचं, आणि ठरलेलं सिद्ध करायला झेलच्या नोंदी आणि जुने व्हॉट्सॅप मेसेज आहेत, ते आजच सेव्ह कर.

आता हिशोब. तू ‘माझे ६ हजार परत दे’ म्हणशील, तो ‘सात महिने मी भरतोय’ म्हणेल, दोघंही थोडे बरोबर आणि बरेचसे चूक. तुझे ६ हजार गाडीत गेले आणि गाडीची किंमत उतरली, ते जसेच्या तसे आता कुठेच नाहीयेत. म्हणून आधी दोन आकडे काढा, आज गाडी विकली तर किती येतील आणि बँकेचा पे-ऑफ, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला लागणारी रक्कम, किती. कारमॅक्स या जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या कंपनीची ऑनलाइन ऑफर दहा मिनिटांत मिळते आणि सात दिवस टिकते, ती स्क्रीनशॉटसकट ठेव. समज २२ हजार आले आणि पे-ऑफ १४,२०० आहे, तर भांडण फक्त ७,८०० चं आहे. बाकी गाडी बँकेची.

मग कुणी किती घातले ते बघ. तुझे ६ हजार अधिक वीस महिने २४० म्हणजे १०,८००. त्याचे वीस महिन्यांचे ४,८०० आणि नंतरचे सात पूर्ण हप्ते ३,३६० म्हणजे ८,१६०. या हिशोबाने तुझ्या वाट्याला ७,८०० पैकी साधारण ४,४५० येतात. पण ते सात महिने गाडी त्याने एकट्याने फिरवली की, तू कॅलट्रेनने जातेयस. ते हप्ते म्हणजे वापराचं भाडं धरलं तर तुझे होतात ५,४००. तो पहिला आकडा धरून बसेल, तू दुसरा सांग, आणि ५ हजाराला मिटव. मी तुझ्या जागी असते तर ४,८०० ला पण हो म्हटलं असतं, आणि फोन ठेवल्यावर स्वतःवर चिडले असते, पण हो म्हटलं असतं.

त्याला गाडी हवी असेल तर त्याने एकट्याच्या नावावर रीफायनान्स करायचं, म्हणजे नवं लोन काढून हे फेडायचं, जुनं लोन बंद झाल्याचं पत्र तुला दाखवायचं, तुझे पैसे द्यायचे, आणि मग तू टायटलवर सही करायचीस. याच क्रमाने. एकट्याच्या पगारावर त्याला लोन मिळत नसेल तर गाडी विका, दुसरा मार्ग नाही. विकलीत तर पाच दिवसांच्या आत डीएमव्हीच्या (इथल्या आरटीओच्या) साइटवर रिलीज ऑफ लायबिलिटी, म्हणजे गाडी आता माझी नाही असं कळवणारा फॉर्म, भर, नाहीतर नव्या मालकाची पार्किंगची तिकिटं तुझ्या दारात येतील.

आणि तोवर रागाच्या भरात इन्शुरन्स कॅन्सल करू नकोस हं. इन्शुरन्स तुटला की रजिस्ट्रेशन सस्पेंड होतं, आणि त्याने कुणाला ठोकलं तर मालक म्हणून दावा तुझ्यावरही येऊ शकतो.

कोर्टाचं विचारशील तर स्मॉल क्लेम्समधे, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, १२,५०० डॉलरपर्यंत पैशाचा दावा वकिलाशिवाय करता येतो, ते बोलताना सहज कानावर घाल त्याच्या. त्याहून मोठं म्हणजे पार्टिशनचा, म्हणजे सामाईक मालकी मोडून वाटणी करायचा दावा, तो गाडीवरही लावता येतो, पण ७,८०० साठी वकील करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. १९७६ मधे कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने ली मार्विन या नटाच्या केसमधे सांगितलं की लग्न न करता राहणाऱ्यांमधला तोंडी करारही कोर्टात धरता येतो. मोठा निकाल, सगळीकडे गाजला. त्याच्याबरोबर राहिलेली ती बाई त्यानंतरही कितीतरी वर्षं लढली आणि हातात शेवटी काही पडलं नाही.

बरं आता शनिवारचं. अगं टोल भरून तू काय विकत घेतेयस माहितीये का, रात्रभराची जागरणं. तो जातो कुणाकडे याचं उत्तर त्या अकाउंटमधे नाहीये, असतं तरी तुझ्या कामाचं नाही. गाडीचा नंबर अकाउंटमधून आजच काढ. मला वाटतं सही तुझ्याने होत नाहीये त्याचं कारण ६ हजार नाहीचेत, सही केली की तो मेसेज करायचं निमित्त संपेल. हे तुला आवडणार नाही, चालेल, मला शिव्या दे, पण नंबर काढ.

त्याला एकच मेसेज कर, त्यात तुमच्या दोघांबद्दल एक अक्षर नको: ‘कारमॅक्सची ऑफर पाठवतेय, पे-ऑफ तू पाठव. ३० दिवसांत रीफायनान्स आणि मला माझा वाटा, साधारण ५,४००, नाहीतर विकूया. टायटल लोन बंद झाल्यावर.’ बस. त्याने चार पॅरे लिहिले तरी तू फक्त आकड्यांना उत्तर द्यायचं.

आईला कधी सांगायचं ते तू ठरव, घाई नाही. पण एक सांगू, क्रॉप केलेल्या फोटोत कोपर राहतं बऱ्याचदा, आणि आया कोपरं ओळखतात. आणि डॅशबोर्डवर आईने दिलेला गणपती वगैरे असेल तर तो हिशोबात धरायचा नाही, टॅग आणायला जाशील तेव्हाच काढून आण.

— मावशी