रोटाव्हायरसचा डोस : भीती नेमकी कशाची असते?

बाळ दीड महिन्याचे झाले की लसीकरणाच्या पहिल्या मोठ्या खेपेची वेळ येते, आणि त्या सुमारास माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, बाकी सगळं देतोय, पण ते रोटाचं द्यायलाच हवं का?" रोटा म्हणजे रोटाव्हायरस, लहान मुलांना जोराचे जुलाब करणारा विषाणू; त्याच्याविरुद्धच्या लसीबद्दल हा प्रश्न असतो. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. तरीही हा प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचतो, कारण डॉक्टरांनी त्याचे उत्तर बहुतेक वेळा आधीच दिलेले असते आणि ते मिळूनही घरातली घालमेल थांबलेली नसते. हाच प्रश्न घेऊन आलेल्या पुण्याच्या उपनगरातील एका जोडप्याची हकिगत, त्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे मांडत आहे.

दोघेही नोकरी करणारे, पहिलीच मुलगी, वय नऊ आठवडे. आईने पर्समधून लसीकरणाचे कार्ड काढून माझ्यासमोर ठेवले. सहाव्या आठवड्याच्या रकान्यात पोलिओ आणि पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) यांच्यासमोर तारखा होत्या. रोटाची जागा मात्र कोरी होती आणि तिच्या कडेला पेन्सिलीने एक छोटे प्रश्नचिन्ह काढलेले होते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना त्यांनी "पुढच्या वेळी बघतो" असे सांगितले होते, आणि ती पुढची वेळ आता आठवड्यावर आली होती.

या लसीने बाळाच्या आतड्याला धोका होतो, असे त्यांनी वाचले होते, आणि ते खोटे नव्हते. अमेरिकेत १९९८ साली रोटाव्हायरसविरुद्धची पहिली लस वापरात आली आणि १९९९ मध्येच ती मागे घेण्यात आली, कारण साधारण दहा हजार बाळांमागे एकाला आतड्यात आतडे शिरण्याचा गंभीर त्रास झाल्याचे आढळले. पालकांच्या ग्रुपवर ही माहिती फिरते, पण ती इथेच संपते. त्या अनुभवामुळे तिथल्या पुढच्या दोन लसी प्रत्येकी ६०,००० हून अधिक बाळांवर, मुख्यतः याच धोक्यासाठी, तपासल्या गेल्या. भारतात वापरली जाणारी रोटाव्हॅक ही लस दिल्लीतील नवजात बाळांमध्ये सापडलेल्या, त्यांना आजारी न करणाऱ्या विषाणूपासून तयार झाली. तिची मोठी चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे झाली आणि सरकारी कार्यक्रमात तिचा समावेश झाल्यानंतर अनेक राज्यांतील रुग्णालयांमध्ये झालेल्या पाहणीत या त्रासाचा धोका वाढल्याचे दिसले नाही. हे सारे पुढे फिरवावे असे कोणाला वाटत नाही, कारण त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

या आईला मात्र हेही ठाऊक होते. तिच्या फोनमध्ये एक वेगळा फोल्डर होता, तीन डॉक्टरांशी तिचे बोलणे झाले होते आणि तिघांनीही "द्या" असेच सांगितले होते. ज्या माणसाकडे माहिती पुरेशी असूनही निर्णय होत नाही, त्याला आणखी माहिती देत राहणे हा त्याच्यावर अन्याय असतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून मी लसीचा विषय बाजूला ठेवला आणि तिला विचारले, "समजा, डोस दिला नाही आणि पुढे बाळाला जोरात जुलाब होऊन ॲडमिट करावं लागलं, तर तुम्ही कोणाला दोष द्याल?"

ती पटकन म्हणाली, "कोणाला देणार? मुलांना होतंच की. नशीब म्हणायचं."

"आणि डोस दिला, आणि नंतर काही झालं तर?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग खाली बघत म्हणाली, "मला. मी दिला म्हणून झालं असं आयुष्यभर वाटत राहील."

समुपदेशनात असे क्षण क्वचित हाती लागतात आणि ते घाईने पुढे ढकलायचे नसतात. मीही काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिने स्वतःच मान वर केली. "म्हणजे मला लसीची भीती नाहीये का?" असे तिने विचारले, आणि मग उत्तराची वाट न पाहता म्हणाली, "मला स्वतःची भीती वाटतेय."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या, रास्त इच्छा आणि हट्ट यांत फरक करणाऱ्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा मनापासून विश्वास आहे, आणि तो अशा प्रसंगांनीच दृढ होत गेला आहे. "माझ्या बाळाला काही होऊ नये" ही प्रत्येक आईची रास्त इच्छा असते. "काहीही होणार नाही याची मला शंभर टक्के खात्री मिळालीच पाहिजे" हा मात्र हट्ट असतो, आणि तो पुरा करणे कोणत्याही डॉक्टरला किंवा लसीला शक्य नसते. शिवाय हा हट्ट एकाच बाजूने धरला जातो. डोस देण्यासाठी शंभर टक्के खात्री मागणारी आई डोस न देण्यासाठी कसलीच खात्री मागत नाही, कारण न देणे हा तिला निर्णयच वाटत नाही. रोटाव्हायरस मात्र त्या कोऱ्या रकान्यासाठी थांबत नाही. पाच वर्षांच्या आत जवळपास प्रत्येक मुलाला त्याचा संसर्ग होतो, मग घर कितीही स्वच्छ असो; आणि त्याचा सर्वांत जोराचा तडाखा सहा महिने ते दोन वर्षे या वयात बसतो.

पुढच्या भेटीला मी नवऱ्यालाही बोलावले. तो समंजस माणूस होता आणि आपण बायकोला पूर्ण मोकळीक दिली आहे, याचे त्याला समाधान होते. "मी हिला सांगितलंय, तू ठरवशील ते, मी पाठीशी आहे."

मी तिला विचारले, "हे ऐकून कसं वाटतं?"

"एकटं वाटतं," ती म्हणाली.

त्याला ते अनपेक्षित होते. अनेक घरांत हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते, आणि त्याच वाक्याने निर्णयाचे सगळे ओझे हळूच एका खांद्यावर सरकवले जाते. बाळाच्या बाबतीत "तू ठरव" यापेक्षा "आपण ठरवू, आणि जे होईल ते दोघांचं" हे वाक्य फार मोलाचे आहे. त्या दिवशी तो पहिल्यांदा लसीबद्दल स्वतः प्रश्न विचारू लागला. त्याची शंका अशी होती की या लसीमुळे गंभीर रोटा-अतिसार साधारण ५६ टक्क्यांनीच कमी होतो, मग एवढ्यासाठी धोका का घ्यायचा? मी त्याला ही शंका बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला सांगितले, पण ती नेताना दोन्ही पारड्यांत आकडे घालून न्यायला सांगितले. सरकारी अंदाजानुसार लस येण्यापूर्वी देशात दर वर्षी रोटाव्हायरसमुळे सुमारे ७८,००० बालमृत्यू होत आणि पावणेनऊ लाखांच्या आसपास मुले रुग्णालयात दाखल होत. त्यातली निम्म्याहून अधिक दुखणी टाळता येणे या आकड्यांपुढे किरकोळ ठरत नाही.

घरात आजीचेही एक मत होते : "दात येताना पोरांना जुलाब होतातच, आमच्या वेळी कुठं होते असले डोस?" आजीचे निरीक्षण चुकीचे नव्हते. दात येण्याचे वय आणि रोटाव्हायरसच्या जोराचे वय एकच असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या दोष दातांच्या माथी गेला. हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला गेला तोच मुळी १९७३ मध्ये, तोवर आजींनी काय म्हणायचे होते? सुनेने हे आजीला आदराने समजावले, आणि "असेल बाई" एवढे म्हणून आजींनी विषय सोडला.

डॉक्टरांकडे जाताना त्यांनी माझ्या सांगण्यावरून तीनच प्रश्न नेले : आमच्या बाळाला ही लस देऊ नये असे काही कारण आहे का, डोसनंतर कशावर लक्ष ठेवायचे, आणि रात्री-बेरात्री काही झाले तर कोठे जायचे. "धोका आहे की नाही" या प्रश्नाला अंत नसतो. या तीन प्रश्नांना उत्तरे असतात. ज्या बाळाला पूर्वी आतड्यात आतडे शिरण्याचा त्रास झाला आहे किंवा ज्याला जन्मतःच प्रतिकारशक्तीचा गंभीर विकार आहे, त्याला ही लस देत नाहीत. जास्त आजारी असलेल्या बाळाचा डोस पुढे ढकलतात. त्यांच्या मुलीच्या बाबतीत यातले काहीच नव्हते. डोसनंतर, विशेषतः पहिल्या आठवड्यात, बाळ पाय पोटाशी घेऊन थांबून-थांबून कळवळून रडू लागले, सारखी उलटी होऊ लागली किंवा शीमध्ये रक्त-आव दिसली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. हा त्रास लस न घेतलेल्या बाळांनाही होऊ शकतो, आणि वेळेत ओळखला तर त्यावर उपचार आहेत. ही लक्षणे आईने कागदावर लिहून फ्रिजवर लावली. तिची रात्रीची झोप त्या कागदानंतर परतली, असे तिनेच मला सांगितले. बेभान काळजीला नेमके काम दिले की ती सावधपणात बदलते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

दहाव्या आठवड्याला दोघेही रजा टाकून केंद्रावर गेले. लस तोंडावाटे द्यायची असल्याने सुईचा प्रश्न नव्हता, आणि डोसच्या आधी किंवा नंतर अंगावर पाजायलाही हरकत नव्हती. एका डोसवर थांबून चालत नाही. सरकारी वेळापत्रकात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळून तीन डोस मोफत असतात; त्यांचा पहिला डोस उशिरा झाल्याने पुढचे दोन किमान चार-चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करायचे ठरले. महाराष्ट्रात ही लस २०१९ पासून सरकारी केंद्रांवर मिळते. पहिला डोस राहून गेला असेल, तरी या कार्यक्रमात तो पहिल्या वाढदिवसाच्या आत सुरू करता येतो. खासगी दवाखान्यात वयाची मर्यादा याहून कमी असते, म्हणून तेथे लवकर विचारावे.

या लसीने सगळे जुलाब थांबत नाहीत, हेही मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते. नाहीतर पहिल्याच पातळ शीला आई पुन्हा स्वतःला दोष देऊ लागते. सात महिन्यांची असताना मुलीला जुलाब झालेच. आईने फोन केला तो मला विचारायला नव्हे, तर सांगायला : ओआरएस चमच्याने चालू आहे, अंगावर पाजणे बंद केलेले नाही, डॉक्टरांनी झिंक १४ दिवस द्यायला सांगितले आहे, आणि आज रात्री उठायची पाळी बाबांची आहे.